सिकलसेल : तपासणी हवी, शिक्का नको

शिरूरच्या एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही रक्तक्षयावर बोलत होतो. बोलणे संपले, चहा फिरू लागला, तेव्हा मागे बसलेली एक ताई पुढे आली. मूळची भंडारा जिल्ह्यातली, नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर. तिच्या दोन्ही मुलींना सिकलसेल आहे. ती म्हणाली, "दोघी पोरींले एकच बिमारी हाय, रिपोर्ट बी सारखाच हाय म्हणते डॉक्टर. मंग मोठीच काऊन तडफडते? लहानी तं शाळेत पयते."

आम्ही त्या दिवशी तिला नीट उत्तर दिले नाही. "प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, ताई" असे काहीतरी म्हणून सुटलो. पण ते टोचत राहिले. कारण आमच्या आधी तिला बऱ्याच जणांनी उत्तरे दिली होती. सासूच्या मते दोष आईच्या रक्तात होता. चाळीतल्या एका शेजारणीने मोठीचे गेल्या जन्मीचे काहीतरी काढले होते. बौद्ध घरात गेल्या जन्मीचे पाप कुठून आले, हा प्रश्न वेगळा. पण ज्या प्रश्नाला आपण उत्तर देत नाही, त्याला दुसरे कोणीतरी देतेच, आणि ते बहुधा बाईच्या अंगावर जाते. म्हणून आम्ही थोडे वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले आणि आज हे पान तिच्या प्रश्नासाठी ठेवले आहे.

आधी आजार काय, ते थोडक्यात. आपल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या. दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवरचा एकच मणी बदललेला असला की प्राणवायू सुटल्यावर ही हिमोग्लोबिने एकमेकांना चिकटतात, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात, प्लीहा खराब होते, जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि पेशी लवकर मरत असल्यामुळे रक्त कमी राहते. बीटा साखळीचे जनुक आपल्याला दोन मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बदललेली असतील तरच आजार. एकच असेल तर तो माणूस वाहक. त्याला बहुतेक वेळा काही त्रास नसतो. म्हणजे ज्या सासूने सुनेला दोष दिला, तिच्या स्वतःच्या मुलाकडूनही तेच जनुक नातींना आले आहे. त्याशिवाय आजार होऊच शकत नाही. हे वाक्य आम्ही आता प्रत्येक बैठकीत दोनदा म्हणतो.

आता ताईचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. सिकलसेल असलेले बाळ जन्मतः ठणठणीत असते. पहिले काही महिने त्याला काहीच होत नाही. साधारण सहा महिन्यांच्या आसपास हातापायांना सूज येऊन ते रडू लागते. जनुक तर पहिल्या दिवसापासून तेच आहे. मग एवढे दिवस ते कुठे होते?

ते बंद होते. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते. गॅमामध्ये दोष नाही, त्यामुळे पेशी वाकत नाहीत. जन्मानंतर हळूहळू गॅमा बंद होते, बीटा सुरू होते, आणि बीटासोबत आजार सुरू होतो. गर्भातले हे हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते, त्याचा त्रास कमी राहतो. शास्त्रज्ञ गेली पन्नासहून अधिक वर्षे ज्या बटणाच्या मागे आहेत ते हेच : गॅमा कोण बंद करते, आणि ते बंद करणे अडवता येईल का?

इथे थोडे पेशीच्या आत जावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये, कारण हे कामकाज आपल्याला अगदी ओळखीचे आहे. तहसील कचेरीतले मूळ रेकॉर्ड कधी बाहेर येत नाही. बाहेर येते ती नक्कल. पेशीतही मूळ दप्तर, म्हणजे डीएनए, केंद्रकात राहते आणि त्याची नक्कल बाहेर येते. या नकलेला आरएनए म्हणतात. नकलेवरून प्रथिन तयार होते. शाळेत आपल्याला एवढेच शिकवले. पण नक्कल हातात पडली म्हणजे काम झाले, असे कचेरीत होते का? नक्कल टेबलावर पडून राहते, तिला चिठ्ठी जोडली जाते, एखादा कारकून ती दाबून ठेवतो, दुसरा पुढे सरकवतो, कधी ती फाडून टाकली जाते. पेशीतही असेच होते. फरक एवढाच की तिथे लाच चालत नाही.

चिठ्ठीचे काम करतात ते मायक्रोआरएनए. एकेक जेमतेम बावीस अक्षरांचा. तो एका प्रथिनाच्या कुशीत बसतो, नकलेच्या शेपटाकडील जुळती अक्षरे शोधतो आणि तिथे चिकटतो. मग त्या नकलेवरून प्रथिन बनणे थांबते किंवा नक्कलच नष्ट होते. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात हा प्रकार दाखवला. किड्याची लहर असेल म्हणून बरीच वर्षे कोणी फार मनावर घेतले नाही. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ नावाचा दुसरा मायक्रोआरएनए तसाच्या तसा माणसातही असल्याचे दाखवले, तेव्हा सगळे जागे झाले. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना याच कामासाठी मिळाले.

कारकुनांच्या जागी असतात आरएनएला धरणारी प्रथिने. माणसात ती पंधराशेच्या आसपास प्रकारची आहेत. नक्कल कापणे, जोडणे, जपणे, लपवणे, योग्य जागी नेणे, नष्ट करायला पाठवणे अशी त्यांची कामे. कधी ती मायक्रोआरएनएला मदत करतात, कधी त्याच्याच वाटेत आडवी येतात. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत दप्तर एकच असूनही दोन्ही इतक्या वेगळ्या असतात, त्यात या मधल्या कारभाराचा मोठा वाटा आहे.

आता सिकलसेल. गॅमा साखळी बंद करण्याचे मुख्य काम बीसीएल-११ए नावाचे प्रथिन करते. गर्भाच्या रक्तपेशींत मात्र लिन-२८बी नावाचा एक कारकून भरपूर असतो. तो आरएनएला धरणाऱ्या प्रथिनांपैकी एक. तो दोन गोष्टी करतो. लेट-७ अजून अर्धवट तयार असतानाच त्याला पकडतो आणि पूर्ण होऊ देत नाही. आणि बोस्टनच्या डॉ. विजय शंकरन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवल्याप्रमाणे, तो बीसीएल-११ए च्या नकलेलाच थेट धरून ठेवतो. नक्कल निघालेली असते, पण प्रथिन बनत नाही. त्यामुळे गॅमा चालू राहते. जन्मानंतर लिन-२८बी ओसरतो, लेट-७ वाढतो, बीसीएल-११ए तयार होते, गॅमा बंद पडते. प्रयोगशाळेत मोठ्या माणसाच्या रक्तपेशींत लिन-२८बी पुन्हा वाढवला, तर त्या पेशी पुन्हा गर्भातले हिमोग्लोबिन बनवू लागतात. हे २०१३ मध्येच दिसले होते.

आणखी एक धागा फार सुंदर आहे. ज्या बाळांत १३ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, त्यांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त काळ टिकते, हे डॉक्टरांनी १९६० च्या दशकात पाहिले होते. कारण कळायला २०११ उजाडले. त्या गुणसूत्रावर दोन मायक्रोआरएनए आहेत, १५ए आणि १६-१. गुणसूत्र तीन, म्हणून चिठ्ठ्या दीडपट. या चिठ्ठ्या मायब नावाच्या प्रथिनाची नक्कल अडवतात, आणि मायब कमी झाले की गॅमा वाढते.

मग दोन बहिणींत फरक का? दोघींना आईवडिलांकडून सिकलचे जनुक एकेक मिळाले, तिथे त्या सारख्या. पण बीसीएल-११ए चे प्रमाण ठरवणारा भाग, मायबच्या शेजारचा भाग आणि खुद्द गॅमाच्या शेजारचा भाग हे दप्तराच्या वेगवेगळ्या पानांवर आहेत, आणि त्यांचे वाटप प्रत्येक मुलाला निराळे होते. धाकटीच्या वाट्याला असे पान आले असेल की तिची गॅमा पूर्ण बंद झाली नाही. मोठीची बंद झाली असेल. अल्फा साखळीतला एखादा फरकही आजार सौम्य करू शकतो. त्यावर जंतुसंसर्ग, पाणी कमी पिणे, थंडी, श्रम हे वेगळेच. दोघींच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन किती टक्के आहे हे एचपीएलसी नावाच्या तपासणीत आकड्यात कळते. आम्ही ताईला ते दोन कागद पुन्हा काढायला सांगितले. ज्या रिपोर्टवर "सारखाच" म्हणून बोट ठेवले होते, त्यातच एका ओळीत दोन मुलींचे आकडे वेगळे होते. कोणी तिला ती ओळ दाखवली नव्हती.

ही ओळ वाचता येणे म्हणजे फक्त कुतूहल नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे एक जुने, स्वस्त औषध गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याने कळांचे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी केले, १९९८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत देऊनही चांगला उपयोग होतो असे दाखवले. औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे, रक्ताच्या पेशी वेळोवेळी मोजायच्या आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचे. पण ज्या मुलीला वर्षातून चारदा भरती करावी लागते, तिला हे औषध कोणी सुचवलेच नसेल, तर तो तिच्या नशिबाचा भाग नाही. आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असे एक वाक्य डॉक्टरांच्या तोंडी बसले आहे. सरासरीने आपल्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते हे खरे. पण विदर्भातील मुलांचे भरती होण्याचे, कळांचे, रक्त चढवण्याचे अनुभव पाहिले तर त्या सरासरीत निजलेल्या मोठ्या मुलीही दिसतात.

नव्या उपचारांबद्दल वाचकांचे फोन येतात, म्हणून थोडे लिहितो. बीसीएल-११ए बंद करणारी, मायक्रोआरएनएच्या घडणीची कृत्रिम चिठ्ठी रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या पेशींत घालण्याचा प्रयोग बोस्टनमध्ये झाला; २०२१ मध्ये सहा रुग्णांचे आशादायक निकाल छापून आले. त्याच बीसीएल-११ए चे बटण कात्रीने कापणारा कॅसजेव्ही हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्य केला. तिथली त्याची किंमत २२ लाख डॉलर. रुपयांत सांगितले की बैठकीत हशा पिकतो, आणि तो हशा फार बरा नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआरच्या जनुक संस्थेने 'बिरसा १०१' नावाचे देशी तंत्र जाहीर केले आणि ते पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिले. दौंडहून पुण्याला जाणारी लोकल मांजरीवरून जाते, तेव्हा हा कारखाना अगदी शेजारी असतो. त्याच गाडीत सिकलसेलची मुले ससूनला जात असतील. नाव बिरसा मुंडांचे ठेवले, चांगले झाले. औषधाची किंमतही बिरसांच्या लोकांना परवडेल अशी ठेवावी, एवढे आमचे मागणे आहे. तोवर कोणी "डीएनए सुधारणारे" चूर्ण किंवा "स्टेम सेल टॉनिक" विकायला आले तर त्याला चहाही पाजू नये.

आता आमच्या मनातली खरी तक्रार. सिकलसेल हा शिरूर-दौंडचा जुना आजार नाही. त्यामुळे इथल्या दवाखान्यात तो कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि दौंडकडे कुरकुंभ इथल्या कारखान्यांमुळे विदर्भातली आपली माणसे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इकडे आली. गोंदियाहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस दौंडला थांबते. त्या गाडीतून पोरे उतरतात, खोली घेतात, लग्ने करतात, मुले होतात. त्यांचे जनुकही सोबत येते; ते काही जिल्ह्याच्या हद्दीवर उतरून मागे फिरत नाही. त्या ताईच्या मोठ्या मुलीला इथल्या एका खासगी दवाखान्यात दोन वर्षे संधिवाताची औषधे दिली. लोहाच्या गोळ्या तर सरसकट. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त कमी असते ते लोह कमी म्हणूनच असे नाही. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात लोह उलट साठत जाते. तपासल्याशिवाय गोळ्या चालू ठेवू नयेत. निदान शेवटी झाले ते गावी, दिवाळीला गेल्यावर.

सरकारी मोहीम आहे, नाही असे नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातील शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट, सात कोटी लोकांची तपासणी, आणि भर आदिवासी भागांवर. आदिवासींमध्ये हा आजार मोठा आहे आणि त्यांच्याकडे आधी जायलाच हवे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर तेच काम केले, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या मासिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल पहिल्यांदा लिहिले ते १९५८ मध्ये, दीक्षाभूमीच्या सोहळ्यानंतर दोनच वर्षांनी, आणि ते आपल्याच समाजातल्या लोकांच्या रक्तावरून. नागपूरला सिकलसेल सोसायटी उभी करणारे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. रुग्णांच्या हक्कांसाठी त्यांनी किती खेटे घातले हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. एवढे असूनही पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक पट्ट्यात राहणारा विदर्भातला बौद्ध कामगार ना आदिवासी भागात मोडतो, ना स्थानिक आजारात.

आमचे म्हणणे साधे आहे. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या तीन महिन्यांत सिकलसेलची तपासणी व्हावी, आणि ती बाधित निघाली तर नवऱ्याचीही. जात विचारून तपासणी नको. एक तर जात विचारणे अपमानाचे, आणि शास्त्र म्हणूनही ते कच्चे आहे. हे जनुक आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे, भिल्ल, पावरा, गोंड यांच्यात आहे. जिथे जिथे मलेरिया फार होता, तिथे वाहक माणसे मलेरियाच्या घातक तापातून जास्त वाचली म्हणून ते टिकले. म्हणजे हे जनुक कोणाच्या हलकेपणाची खूण नसून पूर्वज जगल्याची खूण आहे.

लग्नाचा विषय यापेक्षा अवघड आहे आणि त्यावर आमच्यातच मतभेद झाले. दौंडला वधू-वर परिचय मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने सुचवले, "कुंडली सोडली, आता फॉर्मवर सिकलसेलचा रिपोर्ट छापू." टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन. हे आधी कळलेले बरे, असे आमचे सरळ गणित होते. मग मागच्या रांगेतली एक शिक्षिका उठली आणि म्हणाली, "सर, फॉर्म छापला की मुलाचा रिपोर्ट कोणी वाचणार नाही, मुलीचाच वाचतील." बैठक शांत झाली. तिचे खरे होते. वाहक मुलीला आजार नसतो. तिचा नवरा वाहक नसेल तर मुलांना आजार होतच नाही, फार तर काही मुले वाहक होतात. तरी छापील फॉर्मवर "वाहक" हा शब्द दिसला की तिला स्थळ येणार नाही, आणि मुलाच्या घरचे तपासणी न करताच पुढच्या फॉर्मकडे वळतील. पत्रिकेतला मंगळ काढून आम्ही रक्तातला मंगळ बसवत होतो.

आता आमचे मत असे झाले आहे. तपासणी सगळ्यांनी करावी, मुलगे आधी, शक्यतो कॉलेजच्या वयात, लग्नाचे बोलणे सुरू होण्याच्या खूप आधी. निकाल ज्याचा त्याच्याकडे. बोलणे पक्के होण्याआधी दोघांनी एकमेकांना सांगावा, मंडळाने नव्हे. साधी सोल्युबिलिटी तपासणी पुरत नाही, एचपीएलसी करावी. कारण एकाकडे सिकल आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमिया असेल तरी मूल आजारी होऊ शकते. आणि दोन वाहकांनी लग्न केलेच, तर तो त्यांचा अधिकार. गर्भाची दहा-बारा आठवड्यांत नोंदणीकृत केंद्रात तपासणी करता येते. लिंग पाहण्यावर बंदी आहे, जनुकीय आजार पाहण्यावर नाही. पुढे काय करायचे ते ते दोघे ठरवतील. सिकलसेल असलेले माणूस जन्मालाच यायला नको होते, असे बोलण्याचा हक्क आम्हाला नाही. ते माणूस कदाचित याच पानाचे वाचक असेल.

एक गोष्ट मात्र या सगळ्या चर्चेत कोणी काढत नाही. दोन वाहक एकमेकांना इतक्या वेळा भेटतात का? कारण आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच पोटजातीत, त्याच पंचवीस-तीस गावांत सोयरीक करत आलो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहावरच बोट ठेवले. पुढे 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये, जात रक्ताची शुद्धता राखते या दाव्याची त्यांनी चिरफाड केली. त्यांना तेव्हा बीसीएल-११ए माहीत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. पण ज्या कुंपणाने समाज तोडला त्याच कुंपणाआड हे जनुकही दाटीने राहिले. आंतरजातीय लग्नाने सिकलसेल नाहीसा होईल असे आम्ही म्हणत नाही, वाहक राहतीलच. दोन वाहकांची गाठ पडणे मात्र कमी होईल. परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर "पोटजात" हा रकाना अजून आहे. रिपोर्टचा रकाना छापायची घाई होती, हा काढायची घाई कोणाला नव्हती. तो काढावा, असा ठराव आम्ही मांडला आहे; अजून मतदान व्हायचे आहे.

हक्कांबद्दल दोन शब्द. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून ठेवावे, परीक्षेत वाढीव वेळ आणि प्रवासातल्या सवलती यांसाठी ते लागते. मात्र त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात, नोकरीतल्या आरक्षणात, रक्ताचे आजार धरलेले नाहीत. कळ आली की आठ दिवस गैरहजर राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला नवव्या दिवशी गेटवरून परत पाठवतात. दिव्यांग म्हणून नोंद करायची आणि पोटाचा प्रश्न आला की वगळायचे, हे अन्यायाचे आहे. यावर आपल्या वकिलांनी लिहावे.

थंडी जवळ आली आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला विजयस्तंभाच्या मानवंदनेसाठी विदर्भातून गाड्या भरून लोक येतील; १९२७ साली बाबासाहेब तिथे आले तेव्हापासून ही वाट वाढतच गेली. रात्रभर उघड्या टेम्पोत थंडी, लघवीला थांबावे लागू नये म्हणून बायका पाणी पीत नाहीत, नंतर तासन्‌तास रांग. सिकलसेलच्या रुग्णाला कळ यायला याहून वेगळे काही लागत नाही. ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांनी बंद गाडीची सोय करावी, कानटोपी आणि पायमोजे घालावेत, तासातासाला पाणी प्यावे, रिपोर्टची झेरॉक्स आणि चालू औषधे खिशात ठेवावीत. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, मुलाचे पोट डावीकडे एकदम फुगणे, तोंड किंवा हात वाकडा होणे यांपैकी काहीही झाले तर तंबूतल्या गोळीवर न थांबता रुग्णालयात जावे आणि पहिल्याच वाक्यात "सिकलसेल आहे" असे सांगावे.

त्या दिवशी पेरणे फाट्याच्या बाजूला आमचे पाणी आणि माहितीचे टेबल असेल. भंडाऱ्याच्या ताईने टेबलावर बसायचे कबूल केले आहे. मोठीला हायड्रॉक्सीयुरिया सुरू होऊन चार महिने झाले. या काळात ती एकदाच भरती झाली. ताई म्हणते, येणाऱ्या बायांना ती रिपोर्टमधली ओळ दाखवायचे काम तिचे.